पक्ष एक, मतं अनेक: सरकारी आरोग्यविम्याच्या सुधारणेवरून पक्षात फूट का पडते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत वॉर्ड पातळीवर काम करणारे कार्यकर्ते, राज्यशास्त्राचे विद्यार्थी आणि सरकारी योजनेच्या कार्डावर उपचार घेणारी कुटुंबं यांच्याकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं अमेरिका आणि ब्रिटनची जास्त आहेत, कारण तिथली भांडणं मतांच्या आकड्यांसह नोंदलेली आहेत. आपल्याकडे ती तशी का नोंदली जात नाहीत, याचं उत्तरही खाली आहे.

आरोग्यविम्यात सुधारणा म्हणजे नेमकं काय बदलतं?

चार गोष्टी. योजनेत कोणाला घ्यायचं, पैसे कोणी भरायचे, रुग्णालयाला कोणत्या दराने पैसे द्यायचे आणि उपचार सरकारी रुग्णालयात करायचे की खाजगी. पहिल्या मुद्द्यावर पक्षात सहसा भांडण होत नाही. जास्त लोकांना घ्या म्हणायला कोणालाच अडचण नसते.

महाराष्ट्रातच पाहा. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला मुंबई शहर आणि उपनगरासह आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर गेली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं, २०२० मध्ये ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी तिचं दार उघडलं आणि संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेलं. या काळात सरकारं वेगवेगळ्या आघाड्यांची आली, पण योजना आकुंचित करू असं कोणीही म्हटलं नाही. खरी ओढाताण उरलेल्या तीन मुद्द्यांवर होते आणि ती बहुतेक वेळा एकाच पक्षाच्या आत होते.

अमेरिकेतल्या डेमोक्रॅटिक पक्षाचं उदाहरण सारखं का दिलं जातं?

कारण तिथे पक्षाकडे सत्ता होती, संख्या होती, जनादेशही होता, आणि तरीही अडवणूक स्वपक्षीयांनीच केली. तेही दोनदा.

पहिली वेळ १९९३-९४ ची. अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी २२ सप्टेंबर १९९३ ला काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकी संसदेसमोर, योजना मांडली. प्रत्येक मालकाने कामगाराचा विमा काढावा, हा तिचा कणा होता. सेनेट आणि प्रतिनिधीगृह या दोन्ही सभागृहांत पक्षाचं बहुमत होतं. पण टेनेसीचे जिम कूपर यांनी मालकांवर सक्ती नसलेलं स्वतःचं विधेयक आणलं, तर जिम मॅकडर्मॉट यांनी खाजगी विमा बाजूला सारून एकच सरकारी विमा असावा, असं विधेयक आणलं. सेनेटच्या अर्थ समितीचे अध्यक्ष डॅनियल पॅट्रिक मॉयनिहान यांना तर आधी कल्याणकारी मदतीच्या योजनांची सुधारणा हवी होती. एका पक्षाचे तीन मसुदे आणि समितीचा अध्यक्ष चौथ्या दिशेला. सप्टेंबर १९९४ मध्ये सेनेटमधले पक्षाचे नेते जॉर्ज मिचेल यांनी प्रयत्न सोडत असल्याचं जाहीर केलं. मूळ विधेयक सभागृहात मतदानापर्यंत पोहोचलंच नाही.

दुसरी वेळ २००९-१० ची. या वेळी कायदा झाला, पण पक्षाच्या मोठ्या गटाला जे हवं होतं ते वगळून.

साठ मतं हाताशी असताना ‘सरकारी पर्याय’ का गळाला?

सरकारी पर्याय म्हणजे खाजगी विमा कंपन्यांच्या बरोबरीने सरकारनेही स्वतःची विमा पॉलिसी विकायची. ज्याला हवी त्याने ती घ्यावी.

सेनेटमध्ये १०० सदस्य. चर्चा रोखून धरणाऱ्यांना थांबवायचं तर ६० मतं लागतात. डेमोक्रॅटांकडे ५८ आणि सोबत बसणारे दोन अपक्ष, असे बरोबर ६० होते. वरकरणी ही ताकद वाटते. प्रत्यक्षात साठातल्या प्रत्येकाच्या हातात नकाराधिकार आला, कारण एक जरी हलला तरी सगळं कोसळणार होतं. ज्या बहुमताला एकही मत जास्तीचं नसतं, तिथे सगळ्यात नाराज सदस्य हाच खरा मसुदाकार होतो.

तसंच झालं. कनेक्टिकटचे अपक्ष ज्यो लिबरमन यांनी सरकारी पर्यायाला नकार दिला. मग ५५ वर्षांवरच्यांना मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात पैसे भरून शिरता यावं, अशी तडजोड पुढे आली. मेडिकेअर एरवी ६५ वर्षांपासून मिळतं. डिसेंबरमध्ये त्यालाही त्यांनी नकार दिला. तीनच महिन्यांपूर्वी एका मुलाखतीत त्यांनी याच कल्पनेला अनुकूलता दाखवली होती. कनेक्टिकटचं हार्टफर्ड हे विमा कंपन्यांचं जुनं केंद्र आहे, हे ध्यानात ठेवावं. २४ डिसेंबर २००९ ला विधेयक ६० विरुद्ध ३९ असं पारित झालं, सरकारी पर्यायाशिवाय.

प्रतिनिधीगृहात वेगळी तऱ्हा. तिथे ७ नोव्हेंबर २००९ ला सरकारी पर्यायासह विधेयक २२०–२१५ असं निघालं, आणि ३९ डेमोक्रॅट विरोधात गेले. त्याआधी गर्भपाताच्या खर्चावर बंधन घालणारी बार्ट स्टुपॅक यांची दुरुस्ती ६४ डेमोक्रॅटांच्या मदतीने घुसली होती. जानेवारी २०१० मध्ये टेड केनेडी यांच्या निधनाने रिकामी झालेली जागा विरोधी रिपब्लिकन पक्षाने जिंकली आणि साठावं मत गेलं. मग सेनेटचाच मसुदा प्रतिनिधीगृहाने २१ मार्चला २१९–२१२ असा स्वीकारला. ३४ डेमोक्रॅट विरोधात. ओबामांची सही २३ मार्चची. उरलेल्या दुरुस्त्या अर्थसंकल्पीय वाटेने, म्हणजे जिथे साध्या बहुमतावर भागतं तिथून, नेण्यात आल्या.

हे भांडण डाव्या आणि मध्यममार्गी गटांचंच होतं ना?

बातम्यांत तसं दिसतं. खोलात गेलं की दराचा प्रश्न लागतो, आणि तो मुंबईकराने नीट समजून घ्यावा असा आहे.

सरकारी पर्यायाने रुग्णालयांना मेडिकेअरच्या दरापेक्षा ५ टक्के जास्त द्यावेत, असा एक प्रस्ताव होता. दर स्वस्त, म्हणून हप्ता स्वस्त. पण ग्रामीण भागातून निवडून आलेल्या अनेक डेमोक्रॅटांनी त्याला विरोध केला. मेडिकेअरचे दर त्यांच्याकडे आधीच कमी होते आणि त्या दरावर आपली लहान रुग्णालयं बंद पडतील, अशी त्यांना भीती होती. शेवटी प्रतिनिधीगृहाच्या मसुद्यात दर वाटाघाटीने ठरवायचं आलं आणि पर्यायाची बचत तिथेच घटली. त्यांना उजवे म्हणून मोकळं होता येत नाही. मतदारसंघातलं एकुलतं एक रुग्णालय वाचवणं हेही लोकप्रतिनिधीचं कामच आहे.

कामगार संघटनांचीही अशीच बाजू. २०२० च्या उमेदवारीच्या लढतीत बर्नी सँडर्स ‘सर्वांसाठी मेडिकेअर’, म्हणजे सगळ्यांना एकच सरकारी विमा, मागत होते, ज्यो बायडेन सरकारी पर्यायावर थांबले होते. नेवाडातल्या हॉटेल कामगारांच्या बलाढ्य संघटनेने सँडर्स यांच्या योजनेवर आक्षेप घेतला, कारण लढून मिळवलेली स्वतःची आरोग्य योजना त्यात संपणार होती. आपल्याकडे कर्मचारी राज्य विम्यात कामगार पगाराच्या ०.७५ टक्के आणि मालक ३.२५ टक्के भरतो. उद्या कोणी म्हटलं की हे बंद करून सगळ्यांना एकाच योजनेत घालू, तर वरळी-परळच्या जुन्या कामगार वस्त्यांमधून पहिला प्रश्न हाच येईल की आमच्या हिश्शाचं काय.

रिपब्लिकन पक्षात एकी होती का?

नाही. २०१७ मध्ये ओबामांचा कायदा रद्द करायला निघाले तेव्हा २४ मार्चला त्यांना स्वतःचंच विधेयक मतदानाआधी मागे घ्यावं लागलं. कट्टर गटाला ते पुरेसं कडक वाटत नव्हतं, मवाळांना फार कडक वाटत होतं. ४ मे रोजी ते २१७–२१३ असं निघालं, २० रिपब्लिकन विरोधात. २८ जुलैला सेनेटमध्ये छाटलेली आवृत्तीही ४९–५१ अशी पडली. सुझन कॉलिन्स, लिसा मर्कोव्स्की आणि जॉन मॅकेन या तिघांनी पक्षाविरुद्ध मत दिलं.

मुंबईच्या परिस्थितीशी सगळ्यात जवळचं उदाहरण कोणतं?

आमच्या मते ब्रिटनच्या मजूर पक्षाचं. १९४५ मध्ये आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन यांनी सगळी रुग्णालयं राष्ट्रीय करायचा प्रस्ताव मंत्रिमंडळात ठेवला. त्याला हर्बर्ट मॉरिसन यांचा विरोध होता. मॉरिसन लंडन काउंटी कौन्सिलचे माजी नेते. नगरपालिकांनी उभारलेली रुग्णालयं त्यांच्याकडून काढून घेतली तर स्थानिक स्वराज्य पोकळ होईल, असं त्यांचं म्हणणं. पंतप्रधान ॲटली बेव्हन यांच्या बाजूने राहिले आणि ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली.

आता केईएम, नायर, सायन, कूपर ही नावं समोर ठेवा. ही महापालिकेची रुग्णालयं. महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता आणि त्यातला सुमारे दहावा भाग आरोग्याचा. म्हणजे शहराच्या करातून चालणारी रुग्णालयं एकीकडे आणि राज्याच्या विम्यातून खाजगी रुग्णालयांना जाणारा पैसा दुसरीकडे. नगरसेवक आणि आमदार एकाच पक्षाचे असले तरी त्यांचं हित वेगळं पडतं. नगरसेवकाला वॉर्डातल्या पालिका रुग्णालयात खाटा, परिचारिका आणि औषधं हवी असतात. दूरच्या जिल्ह्यातल्या आमदाराकडे असं रुग्णालयच नसतं, त्याला अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील केलेल्या, खाजगी रुग्णालयांची यादी वाढायला हवी असते. दोघेही आपापल्या लोकांसाठीच भांडत असतात.

मजूर पक्षात पुढे आणखी एक फूट पडली. १९५१ च्या अर्थसंकल्पात ह्यू गेटस्केल यांनी कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क लावलं, तेव्हा बेव्हन यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्यापाठोपाठ हॅरॉल्ड विल्सन यांनीही. त्याच वर्षी ऑक्टोबरात पक्षाची सत्ता गेली.

महाराष्ट्रात असं स्वपक्षाविरुद्ध मतदान का दिसत नाही?

दोन कारणं आहेत, दोन्ही रचनेतली.

एक, पक्षांतरबंदी. १९८५ मध्ये राज्यघटनेला दहावी अनुसूची जोडली गेली. व्हिपच्या, म्हणजे पक्षादेशाच्या, विरोधात मत दिलं किंवा गैरहजर राहिलं आणि पक्षाने १५ दिवसांत ते माफ केलं नाही, तर आमदारकी जाऊ शकते. नगरसेवकांसाठी १९८६ चा वेगळा राज्य कायदा आहे. अमेरिकेत ३४ जण विरोधात गेले तरी सदस्य राहिले. इथे ती सोय नाही.

दोन, आपली योजना कायद्यातून आलेली नाही, शासन निर्णयातून आली आहे. पात्रता, संरक्षणाची रक्कम, उपचारांची यादी हे सगळं जीआरने बदलतं. सभागृहात कलमवार मतदान होतच नाही, मग नाराजी नोंदवायची कुठे? मंत्रिमंडळाची टिप्पणी तर जनतेसमोर येतही नाही.

हा आम्हाला गंभीर दोष वाटतो. वाद असणं वाईट नाही, पण तो बंद खोलीत मिटला की रुग्णाला कळतच नाही की त्याच्या बाजूने कोण बोललं आणि कोणी काय सोडून दिलं.

मग फूट कुठे शोधायची?

सत्ताधारी आमदाराने स्वतःच्याच सरकारला विचारलेले तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना पाहाव्यात. आरोग्य विभागावर स्वपक्षीय आमदाराची लक्षवेधी आली की आत काहीतरी शिजतंय, असं समजायला हरकत नाही. दुसरी जागा पुरवणी मागण्यांची. मूळ अर्थसंकल्पात योजनेला कमी पैसे ठेवून अधिवेशनात पुरवणी मागणी आली, तर वित्त आणि आरोग्य खात्यांचं जमलेलं नव्हतं, हा एक संकेत. तिसरी जागा म्हणजे शासन निर्णय आणि त्याची अंमलबजावणी यांतलं अंतर. सर्वांना योजनेत घेण्याचा निर्णय जुलै २०२३ चा, प्रत्यक्ष सुरुवात १ जुलै २०२४ ची. अशा अंतराचं कारण नेहमीच राजकीय नसतं, निविदा आणि करारालाही वेळ लागतो. पण विचारायला हवं.

‘विमा पद्धत’ आणि ‘हमी पद्धत’ यांवरून एवढं का पेटतं?

कारण जोखीम कोणी घ्यायची, हे त्यावर ठरतं. समजण्यापुरते आकडे घेऊ. हे खरे नव्हेत. एक कोटी कुटुंबं, दर कुटुंबामागे हजार रुपये.

विमा पद्धतीत सरकार कंपनीला वर्षाच्या सुरुवातीच्या करारानुसार एक हजार कोटी देतं. दावे ८०० कोटींचे आले तर २०० कोटी कंपनीकडे राहतात, करारात परताव्याची अट असेल तर त्यातले काही परत येतात. दावे १,२०० कोटींचे आले तर कंपनी दावे नाकारायला लागते आणि पुढच्या निविदेत हप्ता वाढवून मागते.

हमी पद्धतीत कंपनी नसते. राज्य आरोग्य हमी सोसायटी रुग्णालयांना थेट पैसे देते. दावे ८०० कोटींचे आले तर तेवढेच जातात. १,२०० कोटींचे आले तर वरचे २०० कोटी तिजोरीतून यायला हवेत, आणि ते वेळेत आले नाहीत की रुग्णालयांची देणी थकतात. थकबाकी वाढली की रुग्णालय योजनेचे रुग्ण घेणं हळूहळू कमी करतं. फलक तसाच राहतो, खाट मात्र ‘उपलब्ध नाही’.

वित्ताची काळजी वाहणाऱ्या गटाला हप्ता आवडतो, कारण खर्च आधी कळतो. रुग्णांशी रोज संबंध येणाऱ्यांना हमी आवडते, कारण दावा नाकारण्यात कोणाचा नफा नसतो. महाराष्ट्रात २०२० च्या जोडणीनंतर दीड लाखापर्यंत विमा आणि त्यापुढे पाच लाखांपर्यंत हमी, अशी मिश्र रचना होती. आमचा कल हमीकडे आहे, पण एकाच अटीवर: दावे निकाली काढायची मुदत पाळण्याइतका पैसा अर्थसंकल्पात आधीच ठेवलेला हवा. नाहीतर हमी फक्त नावापुरती.

या वादाचा मुंबईतल्या रुग्णाला प्रत्यक्ष काय फटका बसतो?

आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलापाशी उभं राहिलं की कळतं. ओळखपत्र आणि शिधापत्रिका दाखवायची, नोंदणी होते, डॉक्टर उपचाराचा कोड ठरवतात, पूर्वमंजुरीची विनंती ऑनलाइन जाते, मंजुरी आली की पॅकेजमध्ये खाट, तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधं आणि जेवण मोफत. शिधापत्रिका सिंधुदुर्गाची असो की साताऱ्याची, राज्यातली असली की मुंबईत चालते.

अडतं ते असं. शिधापत्रिकेवर सुनेचं किंवा लहान मुलाचं नाव चढवलेलं नसतं. मंजुरीआधी बाहेरून केलेल्या एमआरआयचे पैसे परत मिळत नाहीत, कारण योजना रोखविरहित आहे. रोग यादीत असतो, पण डॉक्टरांनी सुचवलेला उपचार यादीत नसतो. काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, ते खाजगीत मागितले तर नकार येतो. या राखीव यादीवरूनही अशीच ओढाताण होऊ शकते. ती वाढली की पालिका आणि सरकारी रुग्णालयांना दाव्यांचे पैसे मिळतात, पण रांगही वाढते. कमी केली की रांग कमी होते, पण पैसा खाजगीकडे वळतो.

नकार मिळाला तर तोंडी मान्य करू नका, लेखी कारण मागा आणि १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. सोसायटीचं कार्यालय वरळीला जीवनदायी भवनात आहे.

आणखी एक वाट लोक विसरतात. धर्मादाय रुग्णालयांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ अअ आणि उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. ही सोय विम्यापेक्षा वेगळी आहे. विमा नाकारला म्हणून ती संपत नाही.

अलीकडे डेमोक्रॅटांमध्ये पुन्हा असं झालं का?

झालं. ओबामांच्या कायद्यातल्या विम्याच्या हप्त्यावरची वाढीव सवलत २०२५ अखेर संपणार होती. ती वाढवावी म्हणून पक्षाने खर्चाचं विधेयक अडवलं आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून सरकारी कामकाज ४३ दिवस ठप्प झालं. शेवटी सात डेमोक्रॅट आणि एक अपक्ष सेनेटर रिपब्लिकनांबरोबर गेले. सवलतीबाबत फक्त मतदानाचं आश्वासन मिळालं. ११ डिसेंबरला ते मतदान झालं, ५१–४८, आणि हवी होती ६० मतं. त्या आठांपैकी एकालाही २०२६ मध्ये मतदारांसमोर जायचं नव्हतं. काही निवृत्त होणार होते, इतरांची मुदत पुढची होती. पक्षातल्या फुटीचा अंदाज घ्यायचा असेल तर भाषणांआधी कोणाची निवडणूक कधी आहे, ते पाहा.

आमच्या आमदाराला किंवा नगरसेवकाला काय विचारावं?

‘योजनेला पाठिंबा आहे का’ हे विचारू नका, हो म्हणतील. आपल्या भागात अंगीकृत रुग्णालयं किती, त्यांची थकबाकी किती, राखीव उपचारांची यादी वाढवावी की कमी करावी, आणि पक्षाच्या बैठकीत यावर तुम्ही काय भूमिका घेतली, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सभेत, लोकांसमोर घ्या.

आकडे कोणी देत नसेल तर?

माहितीचा अधिकार. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, म्हणून थकबाकी आणि नाकारलेले दावे यांचे अर्ज वेगळे करा. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो, ऑनलाइनही अर्ज करता येतो. कालावधी नेमका लिहा, उदाहरणार्थ ‘१ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५’. रुग्णांची नावं मागू नका, तेवढ्यावरून अर्ज फेटाळला जातो. रुग्णालयनिहाय संख्या आणि नकाराची कारणं मागा. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. न आल्यास किंवा अपुरं आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याचं शुल्क २० रुपये. तिथेही अडलं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं.